चुरीकाकांचा ऑफ

चुरीकाका बुधवारी ऑफ असतात. कशातून ऑफ, ते मात्र विचारू नका. विक्रोळीच्या कंपनीतून रिटायर होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. नोकरी नाही, धंदा नाही, कुठल्या मंडळाचं काम नाही. घरात एकटेच. म्हणजे तसा सातही दिवस रिकामा माणूस. पण बुधवार उजाडला की ते दाढी करत नाहीत, फोन बंद करून कपाटात ठेवतात आणि कुणी बेल वाजवली तर दार न उघडता आतूनच ओरडतात, "आज ऑफ!"

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या महिन्यात एकदा तरी त्या बंद दारासमोर उभा राहून विचारतोच, "अहो काका, ऑफ कसला? तुम्ही करता काय?"

आतून उत्तर येतं, "करतो ते बाकीचे सहा दिवस दिसत नाही काय?"

दिसतं. न दिसायला काय झालं! चौतीस वर्षं काका कंपनीच्या सबस्टेशनवर होते. तिथली मशिनं कधी थांबायची नाहीत, त्यामुळे रविवारची सुट्टी हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. त्यांचा ऑफ बुधवारी. नोकरी सुटली, पण हाताची सवय कुठे सुटते? आठवड्यातले सहा दिवस काका आमच्या चार मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये राउंड मारतात आणि दिसेल ते बंद करतात. जिन्यातला दिवा, सोसायटीच्या ऑफिसातला पंखा, गच्चीवरचा टपकणारा नळ. खाली उभ्या स्कूटरचा इंडिकेटर चालू राहिला असेल तर तोसुद्धा. एकदा सेक्रेटरी शहाभाई संध्याकाळी जिना चढत असताना काकांनी वरून दिवा घालवला. शहाभाई अंधारात कठडा धरून ओरडले, "अरे काका, हूं छू! मी आहे इथे!" काका वरून म्हणाले, "आहात तर बोलत चढा. मला काय कळणार?"

घराघरांतही त्यांचं हेच. दार उघडं दिसलं की डोकं आत. "गीझर ऑफ? इस्त्री ऑफ? गॅस ऑफ?" लोक वैतागतात. काही जण तर काकांच्या चपलांचा आवाज आला की दार लावून घेतात. मीही घ्यायचे, खोटं कशाला बोलू?

त्यात मी पडले इंग्रजीची टीचर. मालाडच्या एका शाळेत गेली सव्वीस वर्षं पोरांना ऑफ शिकवते आहे. एक एफचा वेगळा, दोन एफचा वेगळा, हे सांगून सांगून माझा घसा बसला. काका माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात, आणि माझ्या सव्वीस वर्षांच्या मेहनतीवर पाणी कसं फिरवायचं ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. एकदा मला गाठून म्हणाले, "काय टीचर, कॉलेज ऑफ कॉमर्स म्हणजे कॉमर्सचं कॉलेज की कॉमर्सची सुट्टी?"

"काका, तो ऑफ वेगळा."

"मराठीत पाटीवर तर दोन्ही सारखेच लिहितात."

"मराठीत लिहितात हो, पण..."

"मग झालं तर. सुट्टीच असणार. पोरं बाहेर उभी असतात सगळी."

बिल्डिंगला रंग काढायचा होता तेव्हा मीटिंगमध्ये शहाभाईंनी ऑफ व्हाइट सुचवला. काका उभे राहिले. "ऑफ व्हाइट म्हणजे पांढरा रंग त्या दिवशी कामावर आला नव्हता, असंच ना?" मीटिंग तिथेच संपली आणि बिल्डिंग पिस्ता रंगाची झाली. चौथ्या मजल्यावरची नवी सून एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, आज मूड ऑफ आहे." काकांनी तिला गंभीरपणे विचारलं, "फ्यूज गेलाय की मेन स्विचच कुणी पाडलाय? सासूबाईंना बघून येऊ काय?" ती पोरगी तिसऱ्या मजल्यापासून हसत सुटली ती खाली पोचेपर्यंत.

माणूस वारला की काका म्हणतात, "ऑफ झाला." मुंबईत पुष्कळ जण म्हणतात, पण टवाळीत म्हणतात. काका टोपी काढून म्हणतात. मला ते आवडायचं नाही. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "मेला म्हटलं की कसं अंगावर येतं, टीचर. ऑफ झाला म्हणजे ड्युटी संपली. आता उठवायचं नाही."

आता आईबद्दल सांगायला हवं. आई अठ्ठ्याहत्तरची. घरात आम्ही दोघीच. मी सकाळी साडेसहाला निघते आणि दोनला परत येते. तोवर ती एकटी. स्वयंपाक तिचा. तो तिने कुणाला करू दिला नाही, मलाही नाही. दोन वर्षांपूर्वी तिने आमटी गॅसवर ठेवली आणि विसरली. पातेलं टाकून द्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, विसरायला सुरुवात झाली आहे, जपा. नाशिकहून दादाचा फोन आला, "शेगडी बंद कर तिची. डबा लाव. नाहीतर माझ्याकडे आणून सोड."

आई एवढंच म्हणाली, "डबा सुतकात येतो. मी अजून आहे."

मग आमचा तह झाला. गॅलरीत उभी राहून मी फोनवर दादाला मोठमोठ्याने सांगितलं की अजून एकदा काही जळलं तर शेगडी बंद, आणि आई नाशिकला. आईनेही मान हलवली. तेव्हापासून रोज दुपारी जिना चढताना मी नाक वर करून वास घ्यायचे. आपल्याच आईला आपण अशी परीक्षा घेतल्यासारखं वागवतो याची लाज वाटायची, पण वास घ्यायचेच.

आणि काय सांगू, दोन वर्षं काही म्हणजे काही जळलं नाही! मी आईला रोज चार भिजवलेले बदाम द्यायला सुरुवात केली होती. त्यांचाच हा गुण, अशी माझी खात्री पटली. दादाला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. स्टाफरूममध्ये तर मी इतकं सांगितलं की तीन टीचर्सनी आपापल्या सासवांना बदाम चालू केले.

मग तो गुरुवार आला.

चौथा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले आणि फोन बघितला. सोसायटीच्या ग्रुपवर बेचाळीस मेसेज. पहिला शहाभाईंचा. 'आपले चुरीकाका ऑफ झाले. बहुत अच्छे आदमी थे. लाइट बिल कम रखते थे.' खाली हात जोडलेल्यांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली, जय श्रीकृष्ण, पांढरी फुलं. कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं की ते आमच्या बिल्डिंगचा प्रकाश होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात जिन्यात प्रकाश टिकू दिला नाही, त्याच्याबद्दल! मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं. मी काकांना फोन लावला. बंद. साहजिकच होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा पकडली. लिंक रोडभर मला एकच गोष्ट आठवत होती. गेल्या सोमवारी त्यांच्या चपलांचा आवाज आला आणि मी दार लावून घेतलं होतं.

खाली कंपाउंडमध्ये वॉचमन रामनरेश खुर्च्या मांडत होता. मी वर धावले. दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच वास आला. दोन वर्षं रोज नाक वर करून शोधत होते तो वास. किल्लीने दार उघडलं. घरभर धूर. चवळीच्या उसळीचा कोळसा झालेला आणि गॅस पूर्ण मोठा. मी तो बंद केला, खिडक्या उघडल्या. आई हॉलमध्ये पेपर मांडीवर घेऊन बसली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराने की कशाने कोण जाणे.

"अगं, चुरीभाऊ आज आले नाहीत ना," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले, हात हातात घेतला. हिला कसं सांगायचं? "आई, चुरीकाका आता... ते येणार नाहीत गं."

"शनिवारी येतील की. डहाणूला गेलेत, बहिणीकडे. काल सांगून गेले मला."

अख्ख्या बिल्डिंगमध्ये काका जिवंत आहेत हे ठाऊक असलेली एकच बाई, आणि ती माझी विसरभोळी आई!

झालं होतं ते असं. बुधवारी बंद करून ठेवलेला फोन काका कपाटातच विसरून गेले होते. काकांनी वॉचमनला सांगितलं होतं, "कल से मैं ऑफ. दो दिन." सकाळी शहाभाईंनी विचारलं, "काका किधर?" रामनरेश म्हणाला, "चुरी साब ऑफ हो गए." त्याच महिन्यात सी विंगमधले एक आजोबा वारले तेव्हा 'ऑफ हो गए' हेच शब्द शहाभाईंना ऐकवणारे खुद्द काकाच होते. शहाभाईंनी डोक्याला हात लावला, मेसेज टाकला आणि रामनरेशला खुर्च्या काढायला पाठवलं. खुर्च्या कशासाठी, हे विचारायची पद्धत आमच्याकडे वॉचमनला नाही. आणि नेमक्या साडेअकराला तो खुर्च्या काढण्यात गुंतला होता. साडेअकराला त्याला दुसरं काम होतं. काका सांगून गेले होते की रोज साडेअकराला टीचरच्या घरी इंटरकॉम करायचा आणि काकांचं नाव न घेता बोलायचं, "माताजी, गैस."

"म्हणजे?" मी आईला विचारलं.

"म्हणजे काय? ते रोज येतात ना साडेअकराला. पेपर मागायला. मग म्हणतात, वहिनी, पाणी पितो. आत जातात, गॅस बंद करतात, पाणी पितात नि येतात बाहेर. मी आपली ताक देते. दोन वर्षं झाली की."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? त्यांना वाटतं मला कळत नाही. मी पण तसंच वाटू दिलं. चांगल्या माणसाला कशाला अवघडवायचं?" मग तिने विचारलं, "आता नाशिकला जायचं ना मला?"

तिने तह लक्षात ठेवला होता. नेमकं तेवढंच विसरली असती तर बरं झालं असतं.

मी खाली जाऊन शहाभाईंना सांगितलं. ग्रुपवरचे बेचाळीस मेसेज एकेक करून पुसले गेले. शहाभाईंनी वर एक लिहिलं, 'काका ऑफ है, लेकिन चालू है.' मी घरी परत आले आणि गॅसच्या पाइपचा मेन कॉक बंद केला. लायटर माझ्या पर्समध्ये टाकला. दादाला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येतो न्यायला.

शुक्रवारी सकाळी मी डबा मागवून ठेवला. दुपारी आले तर डबा तसाच. आई खिडकीशी बसलेली. भांडत नव्हती, रडत नव्हती. आई भांडत नाही म्हणजे काय, हे तिच्या मुलीशिवाय कुणाला कळणार नाही.

शनिवारी दुपारी काका आले. हातात चिकूंची पिशवी. खाली त्यांना बघून दोन बायका किंचाळल्या म्हणे. बेल वाजवून ते आत आले, सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. ओटा लख्ख, शेगडीवर पेपर पसरलेला. त्यांनी खिडकीकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग मला म्हणाले, "टीचर, जरा बाहेर या."

जिन्यात उभे राहिलो. मी म्हटलं, "आईने सांगितलं मला सगळं."

काकांचे कान लाल झाले. "त्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ते चिकूची पिशवी ह्या हातातून त्या हातात करत राहिले. मग एकदम बोलायला लागले. "आमच्या हिचं असंच झालं होतं. दूध उतू जायचं, कुकर काळा. मी कामावर. एक दिवस मी शेगडीचा पाइपच काढला आणि टाकला बॅगेत. वायरमन माणूस, टीचर. सेफ्टी पहिली."

"मग?"

"मग काय, सेफ होती. खिडकीत बसायची. मी घरी आलो की विचारायची, आज काय केलंय जेवायला? मला विचारायची. जिने तीस वर्षं मला गरम वाढलं, ती मला विचारायची." त्यांनी नाक पुसलं. "आठ महिन्यांत गेली."

गेली म्हणाले ते. ह्या एकाच माणसाबद्दल त्यांनी दुसरा शब्द वापरला, आणि इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा ऐकला. मी तिथे जिन्यातच रडले.

"तुम्ही गॅलरीत फोनवर बोलत होता ना त्या दिवशी, शेगडी बंद करते म्हणून," काका म्हणाले, "ते ऐकलं मी. म्हटलं, नको. एक बटण फिरवायचं तर आहे. मला दुसरं येतं काय?"

"बुधवारी पण यायचात?"

"पण म्हणजे? बुधवारी काय त्या जेवत नाहीत?"

"तुमचा ऑफ असतो म्हणून म्हटलं."

"ती ड्युटी नाही, टीचर," ते जरा रागावूनच म्हणाले. "ड्युटी असती तर ऑफ घेतला असता."

माझ्या मनात खूप होतं. दोन वर्षं मी बदामांचे आभार मानत होते. ज्याच्या तोंडावर दार लावत होते, तो माझ्या आईचं घर आईकडे राखत होता. हे सगळं मराठीत की इंग्रजीत सांगावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या पाया पडले. ते दोन पायऱ्या मागे सरकले आणि म्हणाले, "अहो पडाल! दिवा लावा आधी."

आत जाऊन मी कॉक उघडला, शेगडीवरचा पेपर काढला आणि लायटर आईच्या हातात दिला. ती उठली, पदर खोचला आणि तांदूळ धुवायला घेतले. दादा रविवारी रिकामी बॅग घेऊन आला, दोन वेळा मसालेभात वाढून घेतला आणि रिकामी बॅग घेऊन परत गेला. जाताना काकांच्या दाराशी पाच मिनिटं उभा होता. काय बोलला ते त्याने मला सांगितलं नाही.

तेव्हापासून लपवाछपवी संपली. काका उघडपणे येतात. मी रामनरेशला पुन्हा नीट समजावलं आहे, चौथ्या मजल्यावरच्या सुनेलाही किल्ली दिली आहे. म्हणजे काकांना कुठे जायचं तर आता अडचण नाही. पण काकांना तेवढ्यावर चैन पडेना. त्यांनी नवीनच सुरू केलं. कुठे जायचं असलं की आदल्या दिवशी आमच्या दाराखालून चिठ्ठी सरकवतात, कंपनीत द्यायचे तशी. 'उद्या दाताच्या डॉक्टरकडे जाणे आहे. सकाळी अकरा ते एक रजा मिळावी, ही विनंती. आपला, ह. चुरी.'

पहिली चिठ्ठी मी उचलली आणि सही करायला पेन शोधू लागले. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुला लिहिलेली नाही ती," म्हणाली. चष्मा लावून तिने दोनदा वाचली आणि खाली आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिलं, 'मंजूर.'

आता तिच्याकडे अशा बऱ्याच चिठ्ठ्या जमल्या आहेत. बहुतेक मंजूरच असतात. गेल्या आठवड्यात काकांना बहिणीकडे चार दिवस जायचं होतं. चिठ्ठी आली. आईने कॅलेंडर बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, पेन घेतलं आणि लिहिलं, 'नामंजूर. उद्या अळूवडी करते आहे.'

काकांनी चिठ्ठी वाचली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि बहिणीला फोन लावला. "नाही गं जमत," ते तिला सांगत होते, "घरून सोडत नाहीत."